घरी बांधलेल्या पाणबुडीला फायबरग्लासच्या बॅलास्ट टाक्या बसवताना

एक-दोन माणसांची पाणबुडी घरच्या शेडमध्ये बांधण्याचा छंद मुख्यतः अमेरिका आणि युरोपातला. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन जॉर्ज किट्रेज यांचे के-250 आणि के-350 हे आराखडे या मंडळींत सर्वांना ठाऊक असतात. नावातला आकडा फुटांतली खोली सांगतो. 350 फूट म्हणजे साधारण 107 मीटर. अशा बोटीचं पोलादी हल (माणूस बसतो ते दाब सहन करणारं कवच) बांधून झालं की नवख्या माणसाला वाटतं, अवघड काम संपलं, आता बाहेरच्या बॅलास्ट टाक्या (पाणी किंवा हवा भरून बोट बुडवणाऱ्या-तरंगवणाऱ्या) काय, दोन दिवसांत चिकटवू. इथेच गडबड होते. टाकी बनवणं सोपं आहे. ती हलला धरून ठेवणं, आणि वेळ आली की न तोडता सोडवून घेणं, यात खरं काम आहे.

हा लेख उथळ पाण्यात फिरणाऱ्या, साधारण 2000 किलो पाणी बाजूला सारणाऱ्या बोटीचं उदाहरण धरून लिहिला आहे. हलचा व्यास 1 मीटर, दोन्ही कुशींना प्रत्येकी 150 लिटरची टाकी. तुमची बोट वेगळी असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

टाकी नेमकं काय सोसते

मुख्य बॅलास्ट टाकी तळाला कायम उघडी असते. वर एक व्हेंट (हवा बाहेर सोडायची झडप) असतो. व्हेंट उघडला की हवा निघून जाते, तळाच्या भोकांतून पाणी शिरतं आणि बोट बुडते. व्हेंट बंद करून सिलिंडरमधली हवा सोडली की पाणी त्याच भोकांतून बाहेर ढकललं जातं आणि बोट तरंगते. तळ उघडा असल्यामुळे टाकीच्या आत आणि बाहेर दाब जवळपास सारखाच राहतो, मग बोट 5 मीटरवर असो की 100 मीटरवर. म्हणून इथे 5-6 मि.मी. जाडीचं फायबरग्लास पुरतं.

मग टाक्या फुटतात कशाने? चार प्रसंग आहेत.

पहिला, टाकी हवेने भरलेली आणि पूर्ण पाण्याखाली. समुद्रात 150 लिटरची टाकी सुमारे 154 किलोंनी वर ओढते. हा भार सगळे मोजतात.

दुसरा, बोट क्रेनने उचलली आणि टाक्यांतलं पाणी अजून ओसरलेलं नाही. आता 150 किलो पाणी आणि 25 किलोंची टाकी खाली लोंबकळते, शिवाय क्रेनचा झटका. झटक्यासाठी दुप्पट धरा, म्हणजे 350 किलो. ब्रॅकेटचा हिशेब या आकड्यावर करायचा, 154 वर नाही.

तिसरा, लाटांचा मारा, टो करताना येणारी ओढ, धक्क्याला घासणं. यासाठी आडव्या दिशेनेही तेवढेच 350 किलो धरले की झालं.

चौथा सर्वात फसवा, म्हणजे आतून येणारा दाब. तळाच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ 100 चौ. सें.मी. आहे असं समजा. सेकंदाला 10 लिटर हवा सोडली तर तेवढंच पाणी भोकांतून 1 मीटर प्रति सेकंद वेगाने निघतं आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा फक्त 14 सें.मी. पाण्याएवढा जास्त होतो. काहीच नाही. पण झडप घाईने पूर्ण उघडून सेकंदाला 50 लिटर सोडले तर वेग पाचपट आणि दाब पंचवीसपट, म्हणजे साडेतीन मीटर पाण्याएवढा. टाकीची बाहेरची बाजू 1.5 मीटर बाय 40 सें.मी. असेल तर तिच्यावर दोन टनांहून जास्त जोर येतो. सांधे उसवतात ते असे. म्हणून भोकं मोठी ठेवायची आणि हवेच्या लाइनीत वेग आवळणारी नीडल झडप किंवा बारीक छिद्राची चकती टाकायची. दोन्ही करा.

आधी कागदावर

पृष्ठभागावर बोट किती वर राहावी यावर टाक्यांचा आकार ठरतो. बोटीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या 12 ते 15 टक्के प्लावक बल राखीव असावं. आपल्या बोटीला 240 ते 300 किलो. टाकीच्या कोपऱ्यात थोडं पाणी राहतं, बोट कलली की तळाच्या भोकातून थोडी हवा निसटते, म्हणून भूमितीने निघालेल्या आकारमानातले शंभर टक्के कधी मिळत नाहीत. हव्या त्या आकड्यात दहा टक्के मिळवून टाकी काढा.

दोन्ही टाक्यांचा मिळून आकारमध्य बोटीच्या गुरुत्वमध्याच्या उभ्या रेषेत, पुढे-मागे 2-3 सें.मी.च्या आतच हवा. नाहीतर हवा भरताना बोट नाक वर काढते किंवा शेपटी. डावी आणि उजवी टाकी कधीही एकमेकींना उघड्या पाइपने जोडू नका. बोट जराशी कलली की वरच्या टाकीत हवा आणि खालच्या टाकीत पाणी जातं, आणि कल वाढतच राहतो.

वजनाचाही हिशेब इथेच. फायबरग्लासची घनता साधारण 1.5. हवेत 24 किलोंची टाकी पाण्यात फक्त 8 किलो भरते. आराखड्यात पोलादी टाक्या असतील आणि तुम्ही फायबरग्लासच्या लावत असाल, तर बोट पाण्याखाली हलकी होईल आणि तेवढं शिसं तळाला वाढवावं लागेल. गोड्या तलावातून समुद्रात उतरतानाही तसंच: समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असल्यामुळे 2000 किलोंच्या बोटीला 50 किलो जादा शिसं लागतं. हा फरक बॅलास्ट टाक्यांतून भरून काढायचा नसतो.

मग प्लायवूड किंवा पुठ्ठ्याची पूर्ण आकाराची डमी टाकी बनवून हलला बांधा आणि बोटीभोवती एक फेरी मारा. खिडकीसमोर अडथळा येतो का? थ्रस्टरचं (बोट ढकलणाऱ्या पंख्याचं) पाणी टाकीवर आपटतं का? ट्रेलरचे लाकडी टेकू नेमके टाकीखाली येतात का? टाकीवर बोटीचं वजन कधीही टेकता कामा नये. आणि सर्वात महत्त्वाचं, संकटात सोडायचं शिशाचं वजन खाली पडताना टाकीला अडकणार नाही ना, हे डमी लावूनच तपासा.

हलला हात लावताना

नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही: टाकी बसवण्यासाठी प्रेशर हलला भोक पाडायचं नाही.

फायबरग्लास थेट पोलादावर चिकटवायचा मोहही टाळा. दिसायला सुबक दिसतं, पण पोलाद आणि फायबरग्लास उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात, कडेने पाणी शिरतं आणि टाकीखाली गंज वाढत राहतो. तो दिसत नाही. दाब सहन करणाऱ्या पत्र्यावरचा न दिसणारा गंज म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पट्ट्यांनी बांधण्याची पद्धत लहान, नळकांडी टाक्यांना चालते. कुशीच्या टाक्यांना मात्र बोल्टच हवेत, आणि बोल्ट हलवर वेल्ड केलेल्या ब्रॅकेटना.

बाहेरून रिंग (हलला ताठ करणाऱ्या कड्या) असलेलं हल असेल तर ब्रॅकेट रिंगवर वेल्ड करा, पत्र्यावर नाही. रिंग आतून असतील तर आधी पॅड (पत्र्याचा जोडतुकडा), मग पॅडवर ब्रॅकेट. पॅड 100 बाय 100 मि.मी., कोपरे 25 मि.मी. त्रिज्येने गोल केलेले, जाडी हलच्या पत्र्याएवढी किंवा थोडी कमी, हलच्या गोलाईला बसेल असं वाकवलेलं. चारही बाजूंनी सलग वेल्ड. पॅडमध्ये 6 मि.मी.चं एक छिद्र आधीच ठेवा (पॅडमध्ये, हलमध्ये नाही), म्हणजे वेल्डिंगच्या वेळी आतली हवा कोंडत नाही. नंतर ते ग्रीस भरून बंद करतात. हलच्या स्वतःच्या वेल्ड-जोडांपासून पॅड किमान 50 मि.मी. दूर ठेवा.

वेल्डिंगचा रॉड लो-हायड्रोजन, म्हणजे 7018, आणि ओव्हनमध्ये कोरडा केलेला. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड वापरून केलेलं वेल्ड वरून छान दिसतं आणि आतून तडकतं. प्रत्येक वेल्डची डाय-पेनिट्रंट (तडे रंगाने दाखवणारी) चाचणी करा. बाजारात तीन डब्यांचा संच मिळतो: क्लीनर, लाल डाय आणि डेव्हलपर. अर्ध्या तासाचं काम आहे.

वेल्डिंगच्या उष्णतेने हलची गोलाई बिघडू शकते, आणि बाहेरून दाब येतो तेव्हा नळकांड्याची ताकद गोलाईवरच अवलंबून असते. अनेक नियमावल्यांमध्ये त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक मान्य नसतो. 1 मीटर व्यासाच्या हलला ते फक्त 2.5 मि.मी. होतात. प्लायवूडचा कमानदार नमुना कापून वेल्डिंगआधी आणि नंतर फिरवून बघा. हे सगळं हलच्या दाब-चाचणीच्या आधी व्हायला हवं. चाचणी झालेल्या हलवर नंतर वेल्डिंग केलं, तर ती चाचणी जणू झालीच नाही असं समजून पुन्हा करा. आणि आराखडा ज्याने काढला त्याला विचारल्याशिवाय एकही पॅड जोडू नका.

एका टाकीला सहा ब्रॅकेट, वर तीन आणि खाली तीन. 50 बाय 10 मि.मी.ची फ्लॅट पट्टी. हिशेब करताना समजा की एका वेळी दोनच ब्रॅकेट सगळा भार घेत आहेत, कारण प्रत्यक्षात भार सारखा वाटला जात नाही. म्हणजे प्रत्येकी 175 किलो. एम-10 बोल्टला हा भार किरकोळ आहे. तुटणार ते फायबरग्लास. 10 मि.मी.चा बोल्ट 8 मि.मी. जाड फ्लँजमध्ये (टाकीच्या बाहेर वळलेल्या कडेत) असेल आणि फायबरग्लासवर प्रति चौ. मि.मी. अडीच किलोच भार धरला, तर एका भोकाला 200 किलो चालतात. त्यामुळे फ्लँज 8 मि.मी.पेक्षा पातळ नको. 12 असेल तर निवांत.

टाकीची रचना

दोन पद्धती आहेत. एकीत टाकीला पाठ नसते, हलचा पत्राच तिची मागची भिंत होतो. वजन वाचतं, पण गॅस्केटची कडा वरच्या बाजूला हवाबंद ठेवणं त्रासाचं आहे. तळाला थोडी गळती असली तरी काही बिघडत नाही, तिथे तशीही भोकंच आहेत. पण माथ्यावर सुईएवढी गळती असली तरी बोट रात्रभरात धक्क्यालाच बुडते. शिवाय आतला रंग खराब झाला तर हात पोचत नाही.

दुसरी पद्धत स्वतःची पाठ असलेल्या बंद टाकीची. तिच्यात आणि हलमध्ये 25 मि.मी. मोकळी जागा ठेवायची. नवख्याने हीच करावी. वजन सात-आठ किलोंनी वाढतं, डोकेदुखी मात्र अर्धी होते.

टाकी दोन भागांत करा: पाठ आणि बाहेरचं कवच. कवचाला चारही बाजूंनी बाहेर वळलेली 60 मि.मी. रुंद कडा ठेवा. ती पाठीच्या कडेवर बसून दुहेरी जाड फ्लँज तयार होते, आणि ब्रॅकेटचे बोल्ट या फ्लँजमधूनच जातात. त्यामुळे एकही बोल्ट टाकीच्या पोटात शिरत नाही आणि गळतीचा प्रश्न मुळातच येत नाही.

साहित्य

एका 150 लिटरच्या टाकीला, वाया जाणारं धरून:

- 450 ग्रॅमची चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई), सुमारे 6 किलो
- 600 ग्रॅमचं वोव्हन रोव्हिंग (विणलेलं जाड काचकापड), सुमारे 4 किलो
- व्हिनाइल एस्टर रेझिन, सुमारे 18 किलो, सोबत हार्डनर
- सांध्यासाठी इपॉक्सी 1.5 किलो आणि घट्ट करायला सिलिका पावडर
- 316 स्टेनलेसचे एम-10 बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले), 35-40 मि.मी. व्यासाचे जाड वॉशर
- 3 मि.मी. निओप्रीन रबर

साधं पॉलिएस्टरही चालतं, स्वस्त पडतं. पण व्हिनाइल एस्टर पाणी कमी शोषतं आणि जास्त चिवट असतं. पूर्ण टाकी इपॉक्सीत करायची असेल तर चॉप्ड मॅट घेऊ नका. तिच्यातलं बाइंडर (तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) पॉलिएस्टर-व्हिनाइल एस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतं, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मग मॅट कडकच राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. त्यासाठी शिवलेलं कापड मिळतं.

आपल्याकडे रेझिन बरेचदा अ‍ॅक्सिलरेटर (हार्डनरला वेग देणारं कोबाल्ट) न घातलेलं मिळतं. कोबाल्टची जांभळी बाटली आणि हार्डनरची पांढरी बाटली वेगळी देतात. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो. दोघांना वेगळे चमचे, वेगळी मापं आणि शक्यतो वेगळी फळी. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा गॉगल हवाच.

साचा आणि थर

पाठीसाठी हलच साचा म्हणून वापरा. टाकीच्या जागी 25 मि.मी. जाडीचे फोमचे तुकडे चिकटवा, त्यावर पॉलिथिनचा कागद ताणून लावा, कडा ब्राऊन टेपने बंद करा. ब्रॅकेटच्या जागी 3 मि.मी. रबराचे तुकडे आत्ताच ठेवा, म्हणजे नंतर गॅस्केट घातल्यावर अंतर चुकत नाही. यावर थर दिले की पाठ तुमच्याच हलच्या गोलाईची होते, त्यातल्या खाचाखोचांसकट.

कवचासाठी फोमचा ठोकळा कोरून प्लग (ज्यावर थर द्यायचे तो नमुना) करा. थर्माकोल असेल तर सांभाळा: पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल बघता बघता विरघळवतं. पूर्ण ठोकळ्यावर टेप चिकटवा, किंवा पीयू फोम घ्या. प्रत्येक कोपऱ्याला किमान 15 मि.मी. त्रिज्या द्या. काचेचं कापड तीक्ष्ण कोपऱ्यात वळत नाही, तिच्यामागे हवा राहते आणि तडा तिथूनच सुरू होतो. सपाट पृष्ठभागही टाळा. थोडा फुगवटा दिलात तर तेवढ्याच जाडीत भिंत कितीतरी ताठ होते. टाकीचा माथा व्हेंटच्या दिशेने चढता हवा. कारण खाली येतंच आहे.

थरांचा क्रम: मॅट, मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट. मॅटचा एक थर साधारण 1 मि.मी., रोव्हिंगचा पाऊण. एकूण साडेपाच मि.मी. रोव्हिंगवर रोव्हिंग थेट ठेवू नका, थर सुटतात. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन, रोव्हिंगला एकास एक. व्हेंट, हवेची लाइन आणि बोल्टच्या जागी तीन-चार थर जास्त, बाहेर निमुळते होत गेलेले.

हार्डनर 1 ते 2 टक्के. कोकणातल्या एप्रिल-मेच्या उन्हात 1 टक्काच ठेवा आणि एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त रेझिन कालवू नका. बादलीत उरलेलं रेझिन इतकं तापतं की धूर निघतो. पावसाळ्यात मॅट हवेतला ओलावा ओढते आणि दुधाळ डाग पडतात. गुंडाळी बंद पिशवीत ठेवा, आणि भिंतीला ओल आली असेल त्या दिवशी काम करू नका. लोखंडी रोलर फिरवत पांढरे ठिपके घालवायचे. पांढरा ठिपका म्हणजे कोरडी काच किंवा हवा.

टाकी बंद करण्याआधी आत मधोमध एक आडभिंत बसवा, खाली आणि वर पाणी-हवा जायला मोकळी जागा ठेवून. आत काम करायचं ते आत्ताच: फिटिंगच्या मागच्या प्लेट, आतल्या बाजूला रेझिनचे दोन जादा हात. फोमचा एकही कण आत किंवा फ्लँजमध्ये राहू देऊ नका. 100 मीटरवर दाबाखाली तो चेपतो आणि प्लावक बल खोलीनुसार बदलू लागतं. फ्लँजमध्ये प्लायवूडही भरू नका, ते पाणी पितं.

सांधा जोडताना दोन्ही कडा 60-80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, अ‍ॅसिटोनने पुसा, सिलिका घातलेलं इपॉक्सी लावून हलके क्लॅम्प करा. फार आवळलंत तर सगळं इपॉक्सी बाहेर येईल आणि सांधा उपाशी राहील. आतल्या सांध्यावर पोचेल तिथे 75 मि.मी. पट्टीचे दोन थर. हात घालायला तळाकडच्या बाजूला 200 मि.मी.चं झाकण ठेवा, वर नाही.

व्हेंट, हवा आणि भोकं

प्रत्येक टाकीला स्वतंत्र व्हेंट, स्वतंत्र हवेची लाइन. व्हेंट टाकीच्या सर्वात उंच बिंदूवर, आणि बोट नाक खाली करून बुडतानाही तोच सर्वात उंच राहील असा. दोन लिटर हवा कोपऱ्यात अडकली तर पृष्ठभागाजवळ दोन किलो उचल मिळते. 10 मीटरवर ती अर्धी होते, 30 मीटरवर पाव. बोट खाली जाता जाता जड होत जाते आणि चालकाला कारण कळत नाही.

150 लिटरला 25 मि.मी.चा बॉल व्हॉल्व्ह पुरतो. पाइपातले वळसे धरून टाकी साधारण अर्ध्या मिनिटात भरते. व्हॉल्व्ह टाकीवर बाहेरच ठेवून त्याचा दांडा आतून फिरवता येईल अशी रचना सरळ. हलच्या आराखड्यात या दांड्यासाठी ओ-रिंगची जागा आधीच ठेवलेली असते, ती वापरायची.

तळाला 80 मि.मी. व्यासाची दोन भोकं म्हणजे 100 चौ. सें.मी. जाळी लावणार असाल तर जाळीनंतर उरलेलं क्षेत्रफळ मोजा, आणि प्लास्टिकच्या पिशवीने एक भोक झाकलं जाऊ शकतं हेही लक्षात असू द्या.

हवा टाकीत शिरते तिथे आत एक एल्बो लावून तिचं तोंड टाकीच्या लांबीच्या दिशेने वळवा. सरळ समोरच्या भिंतीवर सोडलेला झोत महिन्याभरात आतला रेझिनचा हात उडवतो. टाकीजवळ नॉन-रिटर्न (उलट वाहू न देणारा) व्हॉल्व्ह, आणि लाइन हलमध्ये शिरते तिथे हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह.

हवा किती लागेल? 100 मीटरवर दाब 11 पट, तेव्हा 300 लिटर पूर्ण रिकामं करायला 3300 लिटर. डायव्हिंगच्या नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये सुमारे 2200 लिटर असते. बोट वर यायला खोलीवर 50 लिटर जागा मोकळी केली तरी भागतं, वर येताना ती हवाच फुगून टाक्या भरते. तरीही पूर्ण रिकामं करण्याएवढी हवा राखीव हवीच, आणि ती रोजच्या वापराच्या सिलिंडरपासून वेगळी.

प्रत्यक्ष बसवणी

1. ब्रॅकेट आणि हल यांचं रंगकाम आधी पूर्ण करा: झिंक प्रायमर, मग इपॉक्सीचे तीन हात. टाकीमागच्या भागाला एक हात जास्त.

2. टाकी जॅकवर उचलून जागेवर धरा, ब्रॅकेटमधून फ्लँजवर खुणा करा. भोकाच्या मध्यापासून फ्लँजच्या कडेपर्यंत किमान 30 मि.मी. ठेवा, नाहीतर कडा फाटते.

3. फ्लँजला 14 मि.मी.चं भोक पाडून त्यात 316 ची बुश (छोटी धातूची नळी) इपॉक्सीत बसवा. बाहेरचा व्यास 13.5, आतला 10.5, लांबी फ्लँजच्या जाडीएवढी. बोल्ट आवळल्यावर ताण बुशवर येतो, फायबरग्लास चिरडत नाही. कापलेल्या प्रत्येक कडेला रेझिन पाजा. उघड्या तंतूंतून पाणी आत चढतं.

4. पुढच्या वरच्या ब्रॅकेटला गोल भोक, बाकी पाचांना 10.5 बाय 16 चे लांबट. उन्हात तापलेली बोट थंड पाण्यात गेली की 40 अंशांच्या फरकाने दीड मीटर लांबीत पोलाद आणि फायबरग्लासमध्ये जवळजवळ 1 मि.मी. तफावत पडते. 100 मीटरच्या दाबाने हल आकसतं ते त्याहून कमी, मिलिमीटरचे काही दशांश. सगळीकडे गोल भोकं ठेवलीत तर ही हालचाल फ्लँजला सोसावी लागते.

5. ब्रॅकेट आणि फ्लँज यांच्यामध्ये 3 मि.मी. रबर, बोल्टवर नायलॉनची नळी आणि ब्रॅकेटच्या बाजूला नायलॉनचा वॉशर, म्हणजे स्टेनलेस आणि पोलाद एकमेकांना टेकत नाहीत. बोल्टच्या आट्यांवर लॅनोलिनचं ग्रीस. कोरडा स्टेनलेस नट आवळताना अर्ध्यात जाम होतो आणि मग ग्राइंडर आणावा लागतो.

6. आधी सगळे बोल्ट हाताने, मग पुढचा वरचा बोल्ट टॉर्क पान्याने 25 न्यूटन-मीटर, लांबट भोकांचे सुमारे 10. नायलॉक नट असल्यामुळे ते सुटत नाहीत.

7. ब्रॅकेटच्या आसपास झिंकचे अ‍ॅनोड (पोलादाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) समुद्रासाठी. गोड्या पाण्यात झिंक फारसं काम करत नाही, तिथे मॅग्नेशियम.

चाचणी

कॉम्प्रेसरने टाकीत थेट हवा भरून बघू नका. टाकी फुटली तर कोंडलेल्या हवेने तुकडे उडतात. तळाची भोकं रबर आणि प्लेटने बंद करा, व्हेंटच्या जागी 1.5 मीटरची पारदर्शक नळी उभी लावा आणि पाणी भरा. वरची पातळी टाकीच्या माथ्यापासून 1 मीटर झाली की आत दशांश बार दाब आहे. तासभर तसाच ठेवा आणि सांधे, बुश, फिटिंग बघत राहा. टाकी बोटीवरच असू द्या, म्हणजे 175 किलोंच्या लोंबत्या भाराची परीक्षाही होते. फ्लँज आणि ब्रॅकेटच्या मध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून भार येण्याआधी आणि नंतरचं अंतर टिपा. पाणी काढल्यावर अंतर परत पूर्वीसारखं झालं नाही, तर कुठेतरी काही सरकलं आहे.

मग फक्त 20-30 सें.मी. पाण्याएवढ्या हवेच्या दाबाने साबणाचं पाणी लावून माथा तपासा.

पाण्यातली पहिली चाचणी माणूस न बसवता, क्रेनचा पट्टा ढिला पण लावलेला ठेवून. टाक्या हवेने भरून पाण्याच्या रेषेवर मार्करने खूण करा आणि 12 तास सोडा. रेषा 1 सें.मी.हून जास्त सरकली तर माथ्यावर गळती आहे; बहुतेक वेळा व्हेंट व्हॉल्व्हच्या सीटमध्ये कचरा असतो. नंतर डाव्या-उजव्या टाक्या एकेक करून पाण्याने भरा आणि कल मोजा. एक टाकी निकामी झाली तर बोट किती कलते, हॅच (आत शिरायचा दरवाजा) पाण्याच्या वर राहतो का, हे धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच बघून घ्यायचं असतं. माणूस बसवून पहिलं बुडणं 3 मीटरवर, बाहेर डायव्हर असताना.

पुढची देखभाल

समुद्रातून आल्यावर टाकीमागच्या फटीत गोड्या पाण्याची नळी सोडा. दोन-तीन डाइव्हनंतर पुढचा वरचा बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, रबर बसल्यामुळे तो थोडा ढिला होतोच. वर्षातून एकदा दोन्ही टाक्या उतरवा, त्यांच्यामागचा रंग बघा, अ‍ॅनोड अर्धा संपला असेल तर बदला. स्टेनलेसच्या बोल्टला नटाखाली, जिथे हवा पोचत नाही तिथे, तपकिरी खड्डे पडतात. असा बोल्ट घासून परत लावायचा नाही, फेकायचा. नायलॉक नट तर दरवेळी नवेच. सहा बोल्टांचा पूर्ण संच, व्हेंटचं सीट आणि ओ-रिंग कायम बोटीच्या पेटीत ठेवा, कारण 316 चा एम-10 नट रविवारी बंदरावर कुठेच मिळत नाही.